दोन मिनिटांच्या सुरुवातीनंतर: विद्यार्थी-चित्रपटातून काय शिकलो हे कसे शोधावे आणि कसे मांडावे

केंब्रिज इंटरनॅशनल या परीक्षा मंडळाच्या ए एस पातळीवरील मीडिया स्टडीज (विषय क्रमांक ९६०७) या विषयात चित्रपटाचा पर्याय घेतलेल्या विद्यार्थ्यांना एका नव्या काल्पनिक चित्रपटाची शीर्षके आणि सुरुवात तयार करावी लागते, आणि तिची लांबी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. चित्रीकरण झाले, संकलन झाले, श्रेयनामावली बसवली, की काम संपले असे गटाला वाटते; प्रत्यक्षात त्यानंतर प्रत्येकाला आपल्या कामाचे चिकित्सक परीक्षण सादर करायचे असते. हा भाग बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात, घाईघाईने उरकला जातो आणि त्यात 'वेळेचे नियोजन महत्त्वाचे असते हे समजले', 'एकत्र काम करण्याचे महत्त्व कळले' अशी वाक्ये येतात. ती खोटी नसतात, पण स्नेहसंमेलनालाही लागू पडतील इतकी सैल असतात, आणि वाचणाऱ्याला त्यांतून चित्रपटाविषयी काहीच कळत नाही.

या लेखात मांडलेली पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. पडद्यावर दोष जिथे दिसतो, तिथे धडा सापडत नाही. तो दोष ज्या निर्णयातून आला, त्या निर्णयापर्यंत मागे गेल्यावरच धडा सापडतो. संकलनात खटकणाऱ्या गोष्टीचे मूळ पुष्कळदा स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे शॉटनिहाय चित्रांच्या आराखड्यात असते, आवाजातल्या अडचणीचे मूळ लोकेशन निवडताना असते, आणि कथा समजली नाही याचे मूळ कागदावरच्या एका वाक्यात असते. हे मूळ शोधण्याची सवय लागली की परीक्षण आपोआप नेमके होते. माध्यमविषयक पदवी अभ्यासक्रमांत लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ही पद्धत जशीच्या तशी वापरता येईल.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण धरून चालू. गिरगावातल्या एका जुन्या चाळीत कॉलेजला जाणारी मुलगी तिन्हीसांजेला घरी येते. दाराला कुलूप आहे. शेजारच्या काकू तिला किल्ली देतात आणि 'आई सकाळीच बाहेर गेली' असे सांगतात. मुलगी कुलूप उघडून आत जाते, तर टेबलावर चहाचे दोन कप भरलेले आहेत आणि चहा अजून गरम आहे. इथे चित्रपटाचे नाव येते. रहस्यपटाची सुरुवात म्हणून ही कल्पना चांगली आहे, कारण ती प्रश्न निर्माण करते आणि उत्तर देत नाही.

पहिली पायरी: पुरावे काम चालू असतानाच जपून ठेवा

डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने १९८३ मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार असा भेद मांडला होता, आणि तो आपल्या कामासाठी फार उपयोगी आहे. चित्रीकरणाच्या दिवशी आपण डझनभर निर्णय घेतो, पण महिन्याभराने त्यांची कारणे आठवत नाहीत. मग परीक्षण लिहिताना आपण कारणे नव्याने रचतो, आणि ती खऱ्यापेक्षा शहाणी वाटतात. हे टाळायचे असेल तर त्या त्या दिवशीच नोंद व्हायला हवी.

मोठी डायरी लिहिण्याची गरज नाही. चित्रीकरण आटोपून घरी जाताना गटातल्या प्रत्येकाने फोनवर दोन-तीन मिनिटांची आवाजी नोंद केली तरी पुरते. त्यात तीन गोष्टी याव्यात: आज ठरल्यापेक्षा वेगळे काय केले, ते कोणी सुचवले आणि का मान्य केले. याशिवाय कथेचा पहिला कच्चा मसुदा, स्टोरीबोर्डची पाने, कॉल शीट (त्या दिवशी कोणी कुठे काय करायचे याचा तक्ता), लोकेशनची छायाचित्रे आणि नाकारलेले टेक जपून ठेवावेत. रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, दर वेळी तारखेसह वेगळा एक्स्पोर्ट करून ठेवावा, कारण एकाच प्रोजेक्ट फाइलवर काम चालू ठेवले तर आधीची रचना कशी होती हे दाखवायला काही उरत नाही. फुटेज व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नये. तिथे चित्राचा दर्जा घटतो, आणि पुढे चित्रातला दोष कॅमेऱ्याचा होता की पाठवण्यातला, हे कळेनासे होते.

दुसरी पायरी: आपलाच चित्रपट तीन वेळा, तीन प्रकारे पाहा

संकलन संपल्यावर चार-पाच दिवस चित्रपटाकडे पाहू नये. मग तो आधी आवाज पूर्ण बंद करून पाहावा, नंतर पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकावा, आणि शेवटी दोन्ही एकत्र. आवाजाशिवाय पाहताना चौकटीतल्या रिकाम्या जागा, दिशेचा गोंधळ आणि प्रकाशातील उड्या दिसतात. नुसते ऐकताना प्रत्येक कटवर बदलणारी पार्श्वभूमी कानाला टोचते. प्रत्येक वेळी खटकलेल्या आणि आवडलेल्या जागेचा टाइमकोड लिहून ठेवावा, आणि शेजारी फक्त काय दिसले किंवा ऐकू आले तेवढेच लिहावे. 'दृश्य कमकुवत आहे' ही नोंद उपयोगाची नाही. '०:४१ ला काकू डावीकडे पाहतात, पुढच्या शॉटमध्ये मुलगीही डावीकडेच पाहते' ही नोंद उपयोगाची आहे.

तिसरी पायरी: प्रेक्षकांना मत विचारू नका, समजले काय ते विचारा

कथा ज्यांना मुळीच माहीत नाही अशा पाच-सहा जणांना चित्रपट दाखवावा. त्यांत वर्गमित्रांखेरीज कोणी काका-मावशी, कोणी शेजारी असतील तर अधिक चांगले. दाखवण्याआधी एक शब्दही सांगू नये, आणि 'आवडला का?' हा प्रश्न तर विचारूच नये, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर 'छान झालाय' असेच येते. विचारायचे ते असे: ही मुलगी कोण आहे? ती कुठे राहते? दिवसाची कोणती वेळ आहे? खोलीत तिला काय आढळले? पुढे काय होईल असे वाटते? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तिथल्या तिथे लिहून घ्यावीत. समजावून सांगण्याचा मोह आवरावा. आपण खुलासा करू लागलो की पुढची सगळी उत्तरे बिघडतात.

'पुढे काय होईल?' या प्रश्नाला विशेष मोल आहे. सुरुवात ही लघुपटही नसते आणि ट्रेलरही नसते. दोन मिनिटांत गोष्ट संपवली तर प्रेक्षकाकडे पुढचा प्रश्न उरत नाही, आणि सगळ्या चित्रपटाची झलक दाखवली तर सुरुवातीचा संथपणे पकड घेण्याचा गुण जातो. प्रेक्षकांनी वेगवेगळे अंदाज बांधले आणि ते सगळे रहस्याच्या दिशेने जाणारे असले, तर सुरुवात आपले काम करते आहे असे समजावे.

चौथी पायरी: दिसलेल्या दोषापासून निर्णयापर्यंत मागे जा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून तिला सर्वाधिक वेळ द्यावा.

आपल्या उदाहरणात समजा सहापैकी चार प्रेक्षकांनी सांगितले की टेबलावर दोन कप होते, आई पाहुण्यांना चहा देऊन गेली असेल. म्हणजे चहा गरम आहे हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही, आणि ज्या एका माहितीवर सगळे रहस्य उभे होते तीच हरवली. आता पहिले उत्तर असे सुचते की वाफ दिसली नाही, प्रकाशयोजना चुकली. हे खरे आहे. वाफ दिसायला तिच्या मागून किंवा तिरका प्रकाश लागतो आणि तिच्यामागची जागा गडद लागते. खोलीतली ट्यूबलाइट वरून आणि समोरून पडली आणि मागे पांढरी भिंत असली तर वाफ असूनही कॅमेऱ्याला दिसत नाही. मुंबईच्या उष्ण हवेत ती तशीही लवकर विरते.

पण इथे थांबू नये. आणखी मागे जाऊन विचारावे की वाफेवर सगळा भार टाकायचा हे कोणी आणि कधी ठरवले. स्टोरीबोर्डचे पान काढून पाहिले तर तिथे कपांचे चित्र आणि खाली 'गरम चहा' एवढेच लिहिलेले सापडते. त्याच्याही मागे पटकथेत 'चहा अजून गरम आहे' असे वाक्य आहे. कागदावर वाचणाऱ्याला ते लगेच समजते, म्हणून गटात कोणीही विचारले नाही की पडद्यावर हे कशातून कळणार. मुलीने कपाला बोट लावून चटकन मागे घेतले असते, चहावर अजून साय धरलेली नाही हे जवळून दाखवले असते, किंवा स्वयंपाकघरातून पातेल्यात चहा उकळल्याचा आवाज आला असता, तर वाफेची गरजच उरली नसती. यांपैकी बोट मागे घेण्याचा उपाय मला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यात माहितीसोबत पात्राची दचक मिळते आणि त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

आता धडा नेमका झाला. 'प्रकाशयोजनेवर अधिक लक्ष द्यायला हवे होते' असे लिहिण्याऐवजी आपण लिहू शकतो की पटकथेतील प्रत्येक माहितीपुढे ती कशी दिसेल किंवा कशी ऐकू येईल हे लिहिण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि पुढच्या कामात पटकथेच्या समासात ते लिहूनच आम्ही स्टोरीबोर्ड सुरू करू. ही कृती उद्या करता येण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण किल्ली देण्याच्या प्रसंगाचे. तिथे दोघी एकाच दिशेने पाहताना दिसतात, म्हणजे कॅमेऱ्याने दोघींमधली काल्पनिक रेषा ओलांडली, त्या रेषेच्या एकाच बाजूला राहण्याचा १८० अंशांचा नियम मोडला. बहुतेक परीक्षणांत इथे 'नियमाकडे दुर्लक्ष झाले' असे येते. मात्र नियम गटातल्या सगळ्यांना माहीत होता. मग तो का मोडला? लोकेशनची छायाचित्रे पाहिली की उत्तर मिळते. चाळीची गॅलरी अरुंद, एका बाजूला खोल्यांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठडा. काकूंचा चेहरा घ्यायला ट्रायपॉड एका जागी बसला, आणि मुलीचा चेहरा घेताना त्या बाजूला जागाच नव्हती म्हणून कॅमेरा पलीकडे गेला. लोकेशन पाहायला गेलेल्यांनी जागा सुंदर आहे म्हणून पसंत केली, कॅमेरा कुठे उभा राहील हे पाहिले नाही. धडा लोकेशन पाहणीचा आहे: जाताना ट्रायपॉड सोबत न्यावा, दोन माणसे पात्रांच्या जागी उभी करावीत आणि स्टोरीबोर्डातला प्रत्येक कोन फोनवर टिपून पाहावा.

त्याच प्रसंगात आवाज. संवादाच्या मधोमध कोणाकडे तरी कुकरची शिट्टी होते, आणि कट झाल्यावर ती अर्ध्यातच तुटते. चाळीत संध्याकाळी असे आवाज येणारच, आणि ते दृश्याला जिवंतपणाही देतात. अडचण शिट्टीची नसून तिच्या तुटण्याची आहे. पात्रे गप्प असताना त्या जागेचा निव्वळ आवाज, ज्याला रूम टोन म्हणतात, किमान एक मिनिट सलग घेऊन ठेवला असता, तर संवादाखाली तो अखंड पसरवून कट झाकता आले असते. संवाद वेगळ्या मायक्रोफोनवर, पात्राच्या अगदी जवळ घेतले असते, तर पार्श्वभूमी मुळातच दबली असती. इथे कॉल शीट पाहावी: त्या दिवशी ध्वनीसाठी वेगळे माणूस नेमले होते का, की कॅमेरा धरणाराच ध्वनीही सांभाळत होता? दोन कामे एकाकडे असतील तर पहिला बळी ध्वनीचा जातो.

प्रकाशाबद्दलही असेच. मुंबईसारख्या विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळच्या शहरात सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश विसेक मिनिटांतच ओसरतो. गॅलरीतले सगळे शॉट त्या वेळेत बसवायचे ठरवले असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या शॉटमध्ये आकाशाचा रंग बदललेला दिसणारच. संकलनात रंग जुळवण्यासाठी किती तास गेले हे लिहिण्यापेक्षा, आकाश दिसणारे रुंद शॉट आधी आणि भिंतीकडे पाहणारे जवळचे शॉट नंतर असा क्रम का लावला नाही, हे लिहावे. खोलीतले चित्र लुकलुकत असेल तर तोही निर्णयाचाच भाग आहे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले नाही, फोनला स्वतः ठरवू दिले, की पट्टे दिसू लागतात. चाचणीचा एक शॉट आदल्या दिवशी घेऊन मोठ्या पडद्यावर पाहिला असता तर हे तेव्हाच कळले असते.

जे चांगले जमले त्याचाही असाच माग काढावा, आणि हे सहसा कोणी करत नाही. कुलूप उघडण्याचा लांबलेला शॉट प्रेक्षकांना ताणून धरतो असे सगळ्यांनी सांगितले असेल, तर तो तसा का झाला? ठरवून लांब ठेवला, की किल्ली अडकल्यामुळे तो टेक लांबला आणि संकलन करणाऱ्याने तो ओळखून ठेवला? दुसरी शक्यता खरी असेल तर तसेच लिहावे. योगायोगाने मिळालेली चांगली गोष्ट ओळखणे हे संकलनाचे खरे कौशल्य आहे, आणि ते पूर्वनियोजनाच्या नावावर टाकले तर आपलाच एक धडा हातचा जातो.

पाचवी पायरी: शीर्षकांकडे वेगळे लक्ष द्या

शीर्षके या कामाचा अविभाज्य भाग असूनही ती शेवटच्या रात्री टाकली जातात. मराठी चित्रपटाच्या सुरुवातीत देवनागरी अक्षरे वापरताना एक विशिष्ट अडचण येते. 'दिग्दर्शन' हा शब्द टाइप केल्यावर पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि 'ग्द' हलन्त ग व सुटा द असे फुटते; हा दोष फाँटचा नसून अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेचा असतो. ॲडोबी प्रीमिअर प्रोमध्ये मजकुराच्या सेटिंग्जमध्ये (प्रेफरन्सेस) दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेकडील लिपींचा पर्याय निवडल्यावर अक्षरे नीट जुळतात. ते साधत नसेल तर शीर्षक चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पार्श्वभूमीची प्रतिमा म्हणून आणावे. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचना संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत. बलूचा गोल, खेळकर बाज रहस्यपटाला शोभत नाही.

परीक्षणात शीर्षकांबद्दल लिहिताना अक्षरांचे वळण, ती कोणत्या शॉटवर आली, आणि वाचायला पुरेसा वेळ मिळाला का, हे पाहावे. नावे मुलीच्या चेहऱ्यावर आली असतील, तर प्रेक्षकाची नजर त्या क्षणी अभिनयावर होती की अक्षरांवर? आपण हलक्या आवाजात दोनदा वाचून होईपर्यंत नाव पडद्यावर राहावे, हा साधा निकष पुरेसा आहे.

संगीताचा हक्क हाही याच टप्प्यावर तपासावा. केंब्रिजच्या या कामात संगीत आणि ध्वनिप्रभाव सोडून बाकी सर्व दृक्-श्राव्य सामग्री स्वतःच तयार केलेली लागते, आणि बाहेरून घेतलेले संगीत हक्कमुक्त असावे लागते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचे, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर सर्वांना वापरू दिलेले संगीत घेतले असेल तर नामोल्लेख श्रेयनामावलीत हवा. ज्या परवान्यात बदलास मनाई आहे ते संगीत चित्राला जोडणेच चालत नाही, कारण चित्रासोबत संगीत बसवणे हे त्या परवान्यांत रूपांतर धरले जाते.

सहावी पायरी: संकेत आणि माणसांचे चित्रण

रहस्यपटाचे कोणते संकेत, म्हणजे त्या प्रकारात रूढ झालेल्या पद्धती, वापरले याची यादी करण्यापेक्षा एक संकेत घेऊन त्याचा परिणाम तपासावा. अंधारी जागा, एकटी मुलगी, बंद दार हे सगळे इतके परिचित आहे की तेवढ्यावर थांबल्यास लिहिण्यासारखे फार उरत नाही. याउलट, आपल्या उदाहरणात भीती गजबजलेल्या चाळीत घडते, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची खबर असते. निर्जन बंगल्याऐवजी माणसांनी भरलेली जागा निवडण्याने रहस्य वाढले की विरले, हा लिहिण्यासारखा मुद्दा आहे.

चित्रणाबाबत अधिक धीटपणे विचार करावा. काकूंचे पात्र आपण कसे लिहिले? दारात उभी राहून दुसऱ्याच्या घरात डोकावणारी चौकस बाई ही मराठी मालिकांनी घासून गुळगुळीत केलेली प्रतिमा आहे. ती आपण जाणूनबुजून वापरली का, की पहिल्यांदा तीच सुचली म्हणून आली? तिच्या बोलीतून हशा मिळवण्याचा प्रयत्न झाला का? आई आणि मुलगी यांच्या घराची आर्थिक स्थिती कोणत्या वस्तूंतून दिसते, आणि त्या वस्तू त्या घरातल्या आहेत की आपल्या समजुतीतल्या? या प्रश्नांची उत्तरे गटात बसून, भांडण झाले तरी चालेल अशा तयारीने शोधावीत. पडद्यावरच्या माणसाशी आपण न्यायाने वागलो की नाही, हे तपासणे मला तांत्रिक सफाईपेक्षा महत्त्वाचे वाटते.

सातवी पायरी: मांडणी

केंब्रिजच्या या परीक्षणात चार प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात: सामाजिक गट किंवा प्रश्न यांचे चित्रण कसे झाले, कामातले घटक मिळून एक ओळख (ब्रँडिंग) कशी निर्माण करतात, प्रेक्षकांशी नाते कसे जुळते, आणि संशोधनामुळे कामावर कोणता परिणाम झाला व संकेत कसे पाळले किंवा मोडले गेले. उत्तरे निबंधाऐवजी सर्जनशील डिजिटल स्वरूपात द्यायची असतात, त्यामुळे आशयाला साजेसे माध्यम निवडावे. शॉटविषयी बोलायचे असेल तर चित्रपट चालू ठेवून त्यावर दिग्दर्शकाचे भाष्य उत्तम. ध्वनीविषयी बोलायचे असेल तर आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवणारा ऑडिओ भाग.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले चिंतनाचे चक्र, म्हणजे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती, हे अनेक शिक्षक आधारासाठी देतात. ते वापरायला हरकत नाही, परंतु वर्णन आणि भावना यांतच बहुतेकांचा वेळ संपतो. ते दोन्ही एकेका वाक्यात आटोपून विश्लेषणाला निम्मी जागा द्यावी.

एक परिच्छेद असा होऊ शकतो: '१:२२ ला दिसणारा चहा गरम आहे हे सहापैकी चार प्रेक्षकांना कळले नाही. मागून प्रकाश नसल्याने वाफ दिसली नाही, पण मूळ कारण स्टोरीबोर्डच्या पाचव्या पानावर आहे, जिथे आम्ही फक्त गरम चहा असे लिहिले. दुसऱ्या रफ कटमध्ये मी उकळण्याचा आवाज मिसळून पाहिला. मग तिघांना कळले, पण आवाज मुलगी आत येण्याआधीच सुरू झाल्याने दचक गेली.' यात दावा, पुरावा, कारण आणि केलेला प्रयोग चारही आले आहेत. 'आम्ही' आणि 'मी' यांची नीट विभागणीही आहे. काम गटाचे असले तरी परीक्षण प्रत्येकाचे स्वतंत्र असते, म्हणून निर्णय कोणाचा आणि प्रयोग कोणाचा हे स्पष्ट असावे. दुसऱ्याच्या कामाचे श्रेय आपल्याकडे येऊ नये आणि आपल्या वाटणीचा दोष 'गटाकडून राहिले' या वाक्यात लपू नये.

सादर करण्याआधी गटातल्या एकाने चित्रपट लावावा आणि दुसऱ्याने परीक्षण मोठ्याने वाचावे. वाचनात जिथे जिथे एखाद्या जागेचा उल्लेख येईल तिथे चित्रपट थांबवून ती जागा खरोखर तशी आहे का ते पाहावे. ज्या वाक्याला दाखवायला एकही शॉट, एकही पान किंवा एकाही प्रेक्षकाचे उत्तर सापडत नाही, ते वाक्य काढून टाकावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वगळलेल्या टेकपैकी एखादा दाखवून तो का वगळला हे सांगावे.